कवितेतला किनारा गाठायचा तर आधी पंचांग उघडा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतला सात-आठ जणांचा गट आहे, निम्मे जलरंगात काम करणारे, निम्मे कविता वाचणारे-लिहिणारे. ज्या किनाऱ्यांनी कवी-चित्रकारांना घडवलं तिथे वर्षभरात चार-पाच फेऱ्या करायच्या आहेत. याआधी दोनदा गेले, पण स्मारक पाहिलं, फोटो काढले, मासे खाल्ले आणि परत आले, एवढंच झालं. कुठे जावं, कधी जावं आणि तिथे पोचल्यावर नेमकं काय करावं? शिवाय गटातली एक जण लंडनला निघाली आहे, तिला ब्रायटनबद्दल विचारायचं आहे.

मासे खाल्ले त्यात काही गैर नाही. गडबड झाली ती वेळेची. डोंगरावरचं देऊळ कधीही गेलं तरी जवळपास तेच असतं. समुद्राचं तसं नाही. माघातल्या पहाटे कवीने पाहिलेलं बंदर तुम्ही मे महिन्यात दुपारी दोनला पाहिलंत, तर ते दुसरंच बंदर असतं. पाणी वेगळ्या उंचीवर, वारा उलट्या दिशेचा, पक्षी गायब. म्हणून ठिकाणांची यादी करण्याआधी प्रत्येक ठिकाणासमोर चार गोष्टी लिहा: महिना, तिथी, घड्याळातली वेळ आणि तोंड कोणत्या दिशेला. या चार जुळल्या की स्मारक नाही पाहिलं तरी चालतं.

भरतीचं गणित किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतं, तुम्हीही पाठ करा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं, सव्वाअकरा येतात. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि दिवसातून हे चक्र दोनदा. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नक्की वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा तक्ता पाहायचा. मुंबईचे आकडे त्यात अपोलो बंदरचे असतात. दक्षिणेकडे सरकत गेलं की भरती थोडी लवकर येते. कारवारला मुंबईपेक्षा तासभर आधी धरा.

उधाण आणि भांग हा फरकही लक्षात ठेवायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, म्हणजे दीड मजला. अष्टमी-नवमीला भांग, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. तुमच्या चित्रात खडक दिसणार की नाही, चिखल दिसणार की पाणी, हे यावर ठरतं. १८८५ च्या नोव्हेंबरात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने नॉर्मंडीत एत्रताच्या कड्याखाली रंगवत बसला होता. ओहोटी चालू आहे अशा समजुतीत होता आणि पाणी चढत होतं. लाटेने त्याला कड्यावर आपटलं, ईझल, रंग, कॅनव्हास सगळं ओढून नेलं. वर्षानुवर्षं तोच समुद्र रंगवणाऱ्या माणसाची ही गत, तर शनिवारी सकाळी ठाण्याहून निघालेल्यांनी तक्ता न पाहता खडकावर बसू नये.

वाऱ्याचंही ठरलेलं असतं. पावसाळा सोडला तर पहाटे मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे, अगदी हलका. अकराच्या पुढे खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. कविता वाचन दुपारी चारला पुळणीवर ठेवलंत तर तिसऱ्या माणसाला काही ऐकू येत नाही आणि वाचणारा ओरडायला लागतो. ओरडून वाचलेली कविता भाषणासारखी लागते. वाचन सकाळी नऊच्या आत उरकायचं. वाचणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करायची आणि ऐकणाऱ्यांनी त्याच्यासमोर, म्हणजे वारा जिकडे चाललाय तिकडे, दोन-अडीच मीटरच्या आत बसायचं. एका बैठकीला एक कविता पुरे.

आता पहिली फेरी, आणि ती मुंबईतच करा. बा. सी. मर्ढेकरांची माघातल्या पहाटेची कविता, ‘न्हालेल्या जणू गर्भवतीच्या’ या शब्दांनी सुरू होणारी, बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. पाठ असते, पण त्या वेळी बंदरावर जाऊन कुणी उभं राहिलेलं नसतं. मुंबईकराला समुद्र म्हटलं की मरिन ड्राइव्ह आठवतो, म्हणजे पश्चिम. बंदर पूर्वेला आहे. सूर्य पाण्यापलीकडून वर येताना पाहायचा तर गेटवेजवळ, अपोलो बंदरला जावं. माघात तो उगवतो आग्नेयेकडे सरकून, उरण-करंजाच्या बाजूने. हाच सूर्य जूनमध्ये घारापुरीच्या अंगाला गेलेला असतो. गेटवेसमोरच्या कठड्यांच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा ताजच्या दक्षिणेकडे, बंदराच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर सरका. तिथून आग्नेय मोकळी दिसते.

तिथी माघ शुद्ध नवमीच्या आसपासची घ्या. नऊ पाऊण पावणेसात. सूर्योदय सव्वासातच्या जरा आधी. म्हणजे उजाडताना पाणी भरलेलं आणि भांग असल्यामुळे संथ. पौर्णिमेचा मोह होतो, पण त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी असते, त्यामुळे सूर्य उगवताना भिंतीखाली गाळ आणि प्लास्टिक. कवितेतल्या लाटा संथ आहेत. ते पाणी नवमीचंच होतं असा दावा करता येणार नाही, पण तसं पाणी पाहायचं तर नवमी बरी.

सव्वासहाला तिथे हजर असायचं, म्हणजे अंधारात. उजाडायला साडेसहा-पावणेसात होतात, त्या अर्ध्या तासात काहीही न काढता, न लिहिता फक्त पाहायचं. मग कवितेतल्या वस्तू एकेक तपासा. लाटांमधून सूर्य वेचणारे सागरपक्षी: हे कुरव हिवाळी पाहुणे आहेत, नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि मार्चनंतर निघून जातात. जूनमध्ये गेलात तर ती ओळ तिथे नसतेच. धक्क्यावरच्या पांढऱ्या, काळ्या, नारिंगी बोटी: गोदीच्या भिंतीमुळे आत शिरता येत नाही, पण नांगरलेल्या जहाजांच्या अंगावर तेच रंग अजून आहेत, आणि नारिंगी खरोखर शेवटी दिसतो, आधी काळा आणि पांढरा सुटा होतो. धुराचा वास, चहाच्या पत्तीचा वास: रस्ता ओलांडला की मिळतो. डांबरी रस्ता मात्र शोधावा लागेल. आता काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकचंच राज्य आहे. उत्तरेला नौदलाची गोदी आहे, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही.

हे तपासून झालं की उलटा खेळ करा. समोर आहेत पण कवितेत नाहीत अशा पाच गोष्टी प्रत्येकाने वहीत लिहायच्या. कवीने काय गाळलं हे कळलं की त्याने काय निवडलं ते उघडं पडतं. कवितावाल्यांना याचा जितका उपयोग तितकाच चित्रवाल्यांना. चौकट कुठे कापायची हा तोच प्रश्न आहे.

साडेआठला तिथून भाऊच्या धक्क्यावर जा आणि रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, मांडवा गाठा. साधारण तासाचा प्रवास. गेटवेहूनही मांडव्याला बोटी आहेत, पण त्या पावसाळ्यात बंद असतात. मांडव्याहून पाचेक किलोमीटरवर सासवणे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) इथले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि त्यांच्यामुळे तो जे. जे. स्कूलमध्ये पोचला. पुढे पुण्याचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८ सालचा, याच हातांनी केला. पण सासवण्याच्या घरात जे आहे ते वेगळं आहे: ‘शंखध्वनी’, ‘मत्स्यगंधा’, गावातली माणसं, जनावरं. दगड-ब्राँझइतकाच सिमेंटही त्यांनी वापरला.

इथे क्रम उलटा करू नका. आधी गाव आणि किनारा, मग संग्रहालय. डोक्यावर पाटी घेऊन वाळूतून चालणाऱ्या बाईची मान हलत नाही, सगळा झोल कमरेतून निघतो आणि मोकळा हात तोल सांभाळतो. हे दहा मिनिटं पाहून, दोन-तीन रेषांत टिपून आत गेलात की मूर्तीतल्या मानेकडे आपोआप लक्ष जातं. आधी मूर्ती पाहिली तर बाहेरची बाई मूर्तीसारखी दिसायला लागते, आणि मग काही शिकणं होत नाही. संग्रहालय उघडं आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या. बंद फाटकासमोरचं रेखाटन बऱ्याच जणांच्या वहीत असतं. आणि कुणाचंही चित्र काढायचं तर आधी विचारायचं, काढून झालं की दाखवायचं.

रात्र नागावला काढता येईल, अलिबागच्या दक्षिणेला. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचा जन्म नागावचा. त्यांच्या चित्रात नागावचा देखावा शोधत बसाल तर निराश व्हाल. पान, शंख, घड्याळ, ढग अशा सुट्या वस्तू मोकळ्या अवकाशात ठेवलेल्या, बऱ्याचदा एनॅमल रंगात. तिथे समुद्र रंगवू नका. ओहोटीनंतर ओल्या सपाट वाळूवर एकेकटी पडलेली वस्तू घ्या, तिची सावली घ्या आणि दोन वस्तूंमधलं अंतर मोजा. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक आदल्या आठवड्यात वाचून या.

चित्रवाल्यांसाठी इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक किनाऱ्याची चित्रं एकाच जागी फसतात: क्षितिजाच्या रेषेवर. क्षितिज नेहमी डोळ्याच्या उंचीवर असतं. वाळूवर मांडी घालून बसलात तर डोळा पाण्याच्या पातळीपासून साधारण १.१ मीटर वर. पाण्याची कड पन्नास मीटरवर असेल तर त्या कडेपासून क्षितिजापर्यंतचा सगळा समुद्र, हात लांब करून पट्टी धरली तर, जेमतेम १.३ सेंटीमीटर भरतो. अंगठा आडवा धरला की अख्खा अरबी समुद्र झाकला जातो. करून पाहा. तरीही कागदावर तो अर्ध्या पानाचा होतो, कारण समुद्र मोठा असतो हे डोक्याला माहीत असतं. मग चित्रातला माणूस उंच मनोऱ्यावरून पाहतोय असं वाटतं आणि पुढची होडी घसरगुंडीवर ठेवल्यासारखी दिसते. उलट, तीस मीटर उंचीच्या टेकडीवर चढलात आणि किनारा पायथ्यापासून शंभर मीटरवर असला, तर तोच समुद्र अठरा सेंटीमीटर, वीतभर होतो. वाळूवरून क्षितिज चारेक किलोमीटरवर असतं, टेकडीवरून जवळपास वीस. म्हणून बसायची उंची आधी ठरवा, रेषा मोजून ओढा आणि मध्येच उठून उभं राहून काम करू नका. उभं राहिलं की क्षितिज बदलतं.

दुसरी चूक कागदावर ऊन घेण्याची. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, म्हणून हात आपोआप गडद रंग लावतो आणि घरी आल्यावर चित्र काजळलेलं निघतं. सुरूच्या झाडाखाली बसायचं तर तिथले कवडसे कागदावर नाचतात, तेही फसवे. अखंड सावली शोधा, नाही तर छत्री. कागद तीनशे ग्रॅमचा, पाव इम्पिरियल (११ × १५ इंच) पुरे, चारही बाजूंनी टेप आणि वर दोन क्लिपा. सनस्क्रीन लावलेल्या बोटांनी कागदाला हात लावला की तिथे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, धरत नाही, बोटांचे ठसे पांढरे उमटतात. लावायचं तर निघण्याआधी लावून हात साबणाने धुवा. माणशी एक लीटर गोडं पाणी फक्त रंगांसाठी न्या. समुद्राचं पाणी वापरलं तर मिठाचे कण वॉश फोडतात आणि पुढे दमट हवेत कागद पुन्हा पुन्हा ओलावतो. जानेवारीत पहिला वॉश सात-आठ मिनिटांत वाळतो, जुलैत अर्धा तासही लागतो. दुसरा वॉश घाईने चढवला की सगळा चिखल. आणि मुंबईचं पाणी निळं नसतं. गाळामुळे ते करडं-पिवळट असतं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घालून करडा करा, त्यात कणभर रॉ सिएना. निळा मागावासा वाटला तर रत्नागिरीच्या खाली जा.

मालगुंडला जायची गाडी तुमच्यासाठी नावासकट तयार आहे. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीचं नाव २०१७ मध्ये ‘तुतारी एक्सप्रेस’ झालं, ते केशवसुतांच्या कवितेवरून. ही गाडी मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते आणि इथेच लोक फसतात. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर तुमची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गणपती, दिवाळी आणि मे महिना सोडून बाकी वेळी आठ जणांची जागा मिळायला फार त्रास नाही. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, पोचायची वेळ तेव्हा पुन्हा तपासा. रत्नागिरी स्टेशनवरून जीप ठरवून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे, आणि पुढे दोनेक किलोमीटरवर मालगुंड.

केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली इथे जन्मले, १९०५ मध्ये हुबळीला गेले. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते खुलं झालं. स्मारक नीटनेटकं आहे, जरूर पाहा, पण तासाच्या वर नको. जाण्याआधी ‘तुतारी’ बाजूला ठेवून त्यांची नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून लिहिलेली कविता काढा. त्या वाऱ्याबरोबर कवीला गाव आठवतो. हा वारा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वाहतो, हिवाळ्यात नसतो. म्हणून डिसेंबरातल्या कोरड्या, छान, पर्यटकी मालगुंडात ती कविता सापडत नाही. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा गाठा. वारा अजून आहे, पाऊस अधूनमधून, सड्यावर रानफुलं आणि भात पोटरीला. घराच्या मागच्या अंगाला, समुद्र न दिसणाऱ्या जागी उभं राहून वाऱ्याची दिशा होकायंत्राने पाहा; समुद्र नुसता ऐकू येईल. पाण्यात मात्र उतरायचं नाही. गणपतीपुळ्याचा किनारा काही पावलांतच खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. बुडालेल्यांत पोहणारे पुष्कळ असतात.

होड्या रंगवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. पाण्यावरची होडी हवी असेल तर तेव्हा जाऊ नका. पण होडीचं अंग, नाळ, कण्याची वळणं शिकायची असतील तर हाच काळ. मॉडेल हलत नाही. सिंधुदुर्गात गेलात तर होडीला उलांडी दिसेल, बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला लाकडी ओंडका. मुंबईत सवय झालेला हात ती गाळतो.

वेंगुर्ल्याची फेरी नोव्हेंबर-डिसेंबरात आणि संध्याकाळसाठी. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६), या मुलखातले. कुडाळात त्यांची खानावळ होती. त्यांच्या दुसऱ्या कवितासंग्रहाचं नावच वेळ सांगतं: ‘दिवेलागण’ (१९६२). या अक्षांशावर सूर्य बुडाल्यापासून काळोख दाटेपर्यंत पंचवीसेक मिनिटंच मिळतात. तेवढ्यात दोन कामं होत नाहीत. एका संध्याकाळी फक्त चित्र, दुसऱ्या संध्याकाळी फक्त कविता, आणि तीही पुळणीवर नको. वाडीत, माडा-पोफळींत, जिथे दिवा लागताना दिसतो तिथे. वहीत वेळ मिनिटांत नोंदवा: पहिला दिवा कधी, पक्ष्यांचा आवाज कधी थांबला, हिरवा रंग काळा कधी झाला. कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरायचं. उत्तरेला वायंगणीजवळ कोंडुरा आहे. खानोलकरांच्या कादंबरीचं नाव तिथलंच. खडकात शिरलेलं पाणी उधाणाच्या भरतीत घुमतं. ते ऐकायला भरतीआधी दीड-दोन तास जा, पण वरूनच. शेवाळलेल्या खडकावर उतरून रेकॉर्डिंग करायचा उत्साह कुणाला येतोच, त्याला आधीच सांगून ठेवा.

कारवार महाराष्ट्रात नाही, पण या यादीत हवंच. १८८३ मध्ये बावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर इथे थोरल्या भावाकडे, जिल्हा न्यायाधीश सत्येंद्रनाथांकडे, राहिले आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य इथे लिहिलं. आठवणींत त्यांनी एका चांदण्या रात्रीचं वर्णन केलं आहे: होडीतून काळी नदीत वर गेले, एका किल्ल्यापाशी उतरले, शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात बसून जेवले, परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली, नदीच्या मुखाशी पोचायला फार उशीर झाला म्हणून उरलेली वाट वाळूवरून चालत घरी आले.

हे वर्णन पंचांगासमोर ठेवून वाचा. पौर्णिमेच्या आसपास कारवारला भरती रात्री साडेदहा-अकराला पुरी होते. म्हणजे संध्याकाळी पाचपासून पाणी नदीत वर चढत असतं, आणि वर निघालेल्या होडीला ते मदत करतं. नदी पूर्वेकडून येते, पौर्णिमेचा चंद्रही सूर्यास्ताला पूर्वेलाच उगवतो, त्यामुळे वर जाणाऱ्यांच्या तोंडासमोर चंद्र. मध्यरात्रीच्या सुमारास ओहोटी लागते आणि वल्ही न मारता होडी समुद्राकडे सरकते. परतीला चंद्र डोक्यावरून पश्चिमेला कलतो. ती रात्र नेमकी पौर्णिमेची होती की नाही हे महत्त्वाचं नाही. उधाणाच्या दिवसांत सगळे तपशील आपोआप जागेवर बसतात आणि अष्टमीला एकही बसत नाही. रात्री होडी मिळणार नाही, पर्यटकांच्या फेऱ्या सूर्यास्ताला थांबतात. म्हणून संध्याकाळी तासभर नदीत वर जाऊन या, आणि रात्री अकरानंतर नदीच्या मुखाच्या बाजूने किनाऱ्यावरून गावाकडे चाला. पाणी तेव्हा मागे सरत असतं, ओली वाळू घट्ट होत जाते आणि चालायला सोपी असते. टॉर्च बंद. मार्गशीर्ष आणि पौष हे महिने उत्तम. वैशाखात हवेतल्या दमटपणामुळे चांदणं धुरकट होतं.

जायला कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्सप्रेस (करमरकरांच्या मूर्तीशी नावाखेरीज संबंध नाही). दुपारी निघते, पण कारवारला अपरात्री सोडते आणि स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा आधी बोलून ठेवा. दक्षिणेकडे नौदलाचा तळ आहे. ड्रोन घरी ठेवून या.

पावसाळ्यात कुठेच जाता येत नाही अशी तक्रार असते. जुलैत लोकलने महालक्ष्मीला जा. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत असत, खिडकीबाहेर समुद्र. ती वास्तू आता नाही, आणि किनारा रस्त्याच्या भरावाने पाणीही पुढे ढकललं गेलं आहे. महालक्ष्मी मंदिराच्या मागच्या बाजूला समुद्र दिसेल अशी जागा शोधा. गायतोंडे स्वतःच्या कामाला वस्तुनिरपेक्ष म्हणत, त्यामुळे त्यांच्या चित्रांना समुद्राची चित्रं म्हणू नका. इथे शिकायचं ते त्यांचं पाहणं. तासन् तास पाहायचं आणि वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करायचे, असा त्यांचा वेग होता. पावसाची सर आली की क्षितिज पुसलं जातं. आकाश आणि पाणी यांतला फरक एखाद्या छटेवर येतो. चाळीस मिनिटं वही बंद. मग एकाच करड्या रंगाचे, फक्त पाणी वाढवत, सात पट्टे काढा आणि समोरचं आकाश कितव्या पट्ट्यावर, समुद्र कितव्यावर ते ठरवा. बहुतेकांना वाटतं दोन-तीन पट्ट्यांचा फरक आहे, निघतो अर्ध्याचा. ते ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत, काढत, हे त्यानंतर प्रत्यक्ष चित्रापुढे उभं राहून पाहिलं की समजतं. उधाणाचे दिवस तेवढे टाळा. दुपारी बाराच्या भरतीत लाट कठड्यावर चढू शकते.

राहिलं ब्रायटन. सावरकरांची ‘सागरा प्राण तळमळला’ १९०९ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर रचली गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडीने तासाभराचं अंतर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथे वाळू नाही, गोटे आहेत. जाड तळाचे बूट घालायला सांगा, चपलेत पाय मुरगळतो. लाट परतताना हे गोटे एकमेकांवर घासत खाली जातात आणि एक लांब करकरता आवाज होतो. आपल्या पुळणीवर तो कधीच ऐकू येत नाही, तो आधी डोळे मिटून ऐकावा. किनारा दक्षिणाभिमुख आहे आणि समोर महासागर नसून इंग्लिश खाडी आहे. सरळ रेषेत पाहिलं तर पलीकडे फ्रान्स. मायभूमी डावीकडे, पूर्वेला, किनाऱ्याच्या रोखाने कुठेतरी. कवितेत सागराशी चाललेलं भांडण या पाण्यासमोर उभं राहून वाचताना दिशा डोक्यात असू द्यावी. डिसेंबरात गेली तर चारच्या सुमारास सूर्य मावळतो, पण संधिप्रकाश आपल्यापेक्षा बराच रेंगाळतो, साडेचारपर्यंत वहीतलं दिसतं. सावरकरांच्या नावाची निळी स्मृतिपाटी तिथे शोधू नये. ती लंडनमध्ये हायगेटला, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरच्या जुन्या इंडिया हाउसच्या भिंतीवर आहे. दोन्ही एका दिवशी करायचं असेल तर हायगेट सकाळी, ब्रायटन दुपारी.